ट्रॅकसाइड सपोर्टला पैसे द्यावेत, की घरचीच माणसं न्यावीत?

धुळ्याहून एका भाऊंनी विचारलंय. जुनी मारुती एस्टीम घेतलीय, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला लोखंडी सांगाडा) आणि बकेट सीट बसवलेली. ट्रेनिंग झालं, एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, लायसन्स आलं, यंदा पहिल्यांदाच सीझनला उतरणार. राउंड, म्हणजे सीझनमधले एकेक रेसचे मुक्काम, चेन्नईला आणि कोइम्बतूरला. गॅरेजवाला मित्र आणि लहान भाऊ सोबत यायला एका पायावर तयार आहेत. पण तिकडची एक टीम म्हणते, आमचा ट्रॅकसाइड सपोर्ट घ्या, म्हणजे पैसे द्या, ट्रॅकवर तुमची गाडी आम्ही सांभाळतो. त्यांची रक्कम धरली तर दर राउंडच्या एकूण खर्चातला जवळजवळ तिसरा हिस्सा तिथेच जातो. द्यावेत का? की तेच पैसे नव्या टायरमध्ये घालावेत?

आधीच सांगून टाकतो. जळगावात माझं गॅरेज आहे आणि सीझनमध्ये दुसऱ्यांच्या रेसच्या गाड्या ट्रॅकवर सांभाळायचे मी पैसे घेतो. त्याआधी स्वतः गाडी चालवली, तीही घरचीच माणसं नेऊन. दोन्हीकडचं बघितलंय, पण आज माझी रोजीरोटी त्यातल्या एका बाजूला आहे. तेवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

भाऊ, तुम्ही हिशेब हातांचा मांडलाय. जॅक लावायला, टायर बदलायला, नट आवळायला दोन माणसं फुकट मिळतायत, मग विकत कशाला घ्यायची? हातांपुरता हा हिशेब चोख आहे. खान्देशात हातांची कमतरता कधीच नव्हती. केळीच्या ट्रकचा गिअरबॉक्स रावेरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला, भर मे महिन्यात उतरवून परत चढवणारी माणसं आपल्याकडे आहेत. ट्रॅकवर कमी पडतं ते दुसरंच. एक सेशन (गाडी ट्रॅकवर न्यायची एक ठरलेली वेळ) संपून दुसरं सुरू होईपर्यंतच्या वेळात काय करायचं, आणि त्याहून जास्त म्हणजे काय करायचं नाही, हे ठरवणारं डोकं लागतं. ते डोकं तुमचं असू शकत नाही, कारण तुम्ही आत्ताच गाडीतून उतरलेले असता.

हे नुसतं बोलून पटत नाही, म्हणून एक प्रसंग घ्या. शनिवारची दुपार, चेन्नईचा दमट उकाडा, तुम्ही क्वालिफाइंग, म्हणजे रेसला कोण कुठून सुटणार ते ठरवणारं सेशन, करून आलात. अंगातला ओव्हरऑल घामाने चिकटलेला, हेल्मेट काढल्यावर पहिली दोन मिनिटं कानात फक्त इंजिनाचा आवाज. कुणीतरी विचारतं, काय झालं? तुम्ही म्हणता, "ब्रेक गेला." पहिल्या सीझनचा प्रत्येक ड्रायव्हर हेच म्हणतो. तुमचा मित्र तात्काळ चाकं काढून ब्रेकची हवा काढायला बसेल, कारण गॅरेजमध्ये "ब्रेक गेला"चा अर्थ बहुतेक वेळा तोच असतो.

अनुभवी माणूस पान्याला हात लावायच्या आधी विचारेल: पेडल खाली गेलं की वरच होतं? पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळलंय, ब्रेकच्या नळीत वाफ झालीय. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत टिकायला हवं, पण हवेतली ओल शोषून जुनं झालं की हीच हद्द १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. बाटली कधी फोडली होती, हा पुढचा प्रश्न त्यातूनच येतो. पेडल वर आहे, दगडासारखं घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही, असं असेल तर पॅड तापलेत. तिथे हवा काढून काही होणार नाही. पॅड बदला, नाहीतर ब्रेकला हवा जायची वाट मोकळी करा. आणि पहिल्या दाबाला पेडल खाली, दुसऱ्या दाबाला वर, असं असेल तर चाकाचं बेरिंग हलवून बघा. चाक किंवा डिस्क हलत असली की पॅड मागे ढकलले जातात, म्हणून पहिला दाब वाया जातो. तक्रार एकच, कामं तीन, आणि रेसला तासभर उरलाय. चुकीचं काम निवडलंत तर घाम गाळूनही गाडी होती तशीच ग्रिडवर, म्हणजे रेस सुटायच्या रांगेत, जाते. किंवा जातच नाही.

टायरमधल्या हवेचंही तसंच. गाडी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टीमच्या आवारात, उभी आहे, डाव्या बाजूवर ऊन आहे. मीटर लावला तर डावीकडे दीड-दोन पीएसआय जास्त दिसते. नवखा माणूस ती काढून टाकतो, चारही टायर सारखे झाले म्हणून खूश होतो. ट्रॅकवर गेल्यावर ऊन काही एका बाजूचं राहत नाही, आणि डावीकडचे टायर कमी हवेवर धावतात. चेन्नईचा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालतो, म्हणजे जास्त भार येतो डाव्या पुढच्या टायरवर. तुमची एस्टीम पुढच्या चाकांवर चालणारी. नेमक्या त्याच टायरची हवा तुम्ही कमी करून ठेवलीत. साधं गणित आहे: तापमान दहा अंश चढलं की तीस पीएसआयच्या आसपासच्या टायरमध्ये साधारण दीड पीएसआय वाढते, आणि ट्रॅकवर टायर तापले की आणखी पाच-सात. म्हणून थंड टायरची हवा एकदा सावलीत, सकाळी मोजायची. पुढे खरी मोजायची ती गाडी पिटमध्ये आल्या आल्या, टायर गरम असताना. आणि दोन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहायचे. हे कुणीही शिकू शकतं. पण पहिल्या राउंडला, तहान लागलेली असताना, मार्शल शिट्टी मारत असताना ते आठवत नाही.

आपल्याकडे यात्रेत बारागाड्या ओढतात तेव्हा भगताच्या दोन्ही बाजूंना बगले असतात. ओढायचं त्याने, सांभाळायचं त्यांनी. सपोर्ट घ्यायचा तर तो बगल्यांसारखा असावा. गाड्यांना मागून धक्का मारणारी माणसं तुमच्याकडे आहेतच.

आता पैशांकडे येऊ. "ट्रॅकसाइड सपोर्ट" या नावाखाली कोण काय विकेल याचा नेम नाही. एका टीमकडे त्याचा अर्थ पॅडॉकमधली जागा, तंबू, वीज, कॉम्प्रेसर आणि एक मेकॅनिक एवढाच. दुसरीकडे गाडी वर्षभर त्यांच्या शेडमध्ये राहते, राउंडच्या आधी सर्व्हिसिंग होतं, ट्रॅकवर नेणं-आणणं तेच करतात. तिसरीकडे एक इंजिनिअर डेटा उघडून बसतो आणि कुठल्या वळणाला तुम्ही ब्रेक लवकर मारता ते बोट ठेवून दाखवतो. तिघांचे आकडे जवळपास सारखे असू शकतात. तुम्ही लिहिलेल्या आकड्यात यातलं काय काय आहे ते तुमच्या प्रश्नातून कळत नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही अजून माहीत नसावं. तेव्हा आधी लिहून मागा. ब्रेक ऑइल, पॅड, टायर चढवणं-उतरवणं यांचे पैसे आतले की वेगळे? रात्रीचं काम निघालं तर ओव्हरटाइम लावणार का? गाडी आपटली तर पार्ट कुणाचे, मजुरी कुणाची? हा शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारा. आपल्या साध्या मोटार पॉलिसीत रेसिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर पडलेला प्रत्येक पोचा तुमच्याच खिशातून निघणार.

आणि सगळ्यात आधी हे विचारा: तुमच्या मेकॅनिककडे त्या दिवशी एकूण किती गाड्या आहेत? दोन असतील तर ठीक. चार-पाच असतील तर तुम्ही सपोर्ट विकत घेत नाही, रांगेतला नंबर घेताय. पुढे पळणाऱ्या गिऱ्हाइकाची गाडी बिघडली की सगळे तिकडे धावतात, आणि पहिल्या सीझनच्या माणसाचा नंबर शेवटी लागतो. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं तसंच.

महाग की स्वस्त हे आकड्यावरून ठरवू नका, फेऱ्यांवरून ठरवा. चेन्नईचा ट्रॅक, म्हणजे इरुंगट्टुकोट्टईचा, ३.७१७ किलोमीटरचा. दहा फेऱ्यांची रेस म्हणजे सदतीस किलोमीटर. एवढ्यासाठी तुम्ही धुळ्याहून बाराशे-तेराशे किलोमीटर जाणार, गाडी ट्रकवर चढवणार, एंट्री फी भरणार, तीन माणसांचं राहणं-खाणं करणार. पहिल्या वर्षी तुम्ही खरं विकत घेताय त्या फेऱ्या. सपोर्ट घेऊन खर्च तीन भाग होत असेल तर न घेता तो दोन भाग होतो. म्हणजे घरच्या माणसांवर जाऊन ठरलेल्या फेऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फेऱ्या बुडाल्या, तर दर फेरीचा खर्च सपोर्टवाल्यापेक्षा जास्त पडला. कमी बुडाल्या तर तुम्ही फायद्यात.

तिसरा हिस्सा ऐकायला फार वाटतो. पण एका राउंडला प्रॅक्टिस, क्वालिफाइंग आणि रेस मिळून सहा वेळा गाडी बाहेर पडणार असेल, तर तिसरा हिस्सा म्हणजे दोनदा आतच बसणं. एकदा स्क्रूटिनीत, म्हणजे आयोजकांच्या सुरक्षा तपासणीत, बेल्टवरून अडकलात, एकदा क्वालिफाइंगमध्ये पाणी तापून आत आलात, झालं. पहिल्या राउंडला असं होण्याची शक्यता भरपूर, तिसऱ्या-चौथ्या राउंडला बरीच कमी. माझ्या उत्तराचा कणा हाच आहे: सपोर्टची किंमत तीच राहते, पण तुमच्यासाठीचं त्याचं मोल दर राउंडला घटत जातं. सगळ्या सीझनचं एकदम ठरवायची घाई त्यामुळे करू नका.

टायरचा प्रश्नही इथेच मिटतो. नवीन टायरने वेळ सुधारतो, नाही कोण म्हणतं. पण तो ज्याच्या फेऱ्या आधीच एकसारख्या पडतात त्याचा. तुमच्या सलग पाच फेऱ्यांत दोन-दोन सेकंदांचा फरक असेल (पहिल्या वर्षी असतोच) तर नवा टायर त्या फरकात कुठे गेला ते कळणारही नाही. उलट पकड वाढल्यामुळे ब्रेकवर आणि बेरिंगवर ताण येतो, आणि चुका उशिरा पण जास्त वेगात होतात. नियमात बसणारे, बऱ्या अवस्थेतले टायर वापरा आणि ते पैसे बाजूला ठेवा. पावसाचा तेवढा अपवाद. आपल्याकडच्या राउंडमध्ये पाऊस नवा नाही, आणि गुळगुळीत झालेल्या टायरवर पावसात जाण्यात शहाणपण नाही. जाता जाता सांगतो: तुमच्या एस्टीममधला हीटर वजन कमी करायला कुणी काढून टाकलाय का ते बघा. काढला असेल तर पावसात काच आतून धुकणार, आणि पहिल्या वळणाला तुम्हाला पुढची गाडी दिसणार नाही. काच आतून पुसून औषध लावायचं काम कुणाचं, तेही ठरवून ठेवा.

आता मित्राबद्दल. तुम्ही टीमचा आकडा सांगितल्यावर त्याने "कसाले इतला पैसा देस रे भो, मी शे ना!" असं म्हटलं नसेल तर तो धुळ्याचा नव्हेच. त्याला न्याच. पण तो कशात पक्का आहे आणि कशात नाही हे तुमच्या डोक्यात स्पष्ट असू द्या. गॅरेजमध्ये काम झाल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही, वेळ लागला तर गिऱ्हाईक उद्या येतं. ट्रॅकवर उलटं आहे. घड्याळ ठरलेलं, पिट लेन बंद झाली की झाली, आणि अर्धवट काम कुठे थांबवायचं ते आधी ठरवावं लागतं. हेड उतरवून पॅकिंग बदलणं त्याला झोपेतही जमेल. पण चाळीस मिनिटांत ते करायला घ्यायचं की गाडी झाकून रविवारच्या रेसकडे बघायचं, हा निर्णय त्याने कधी घेतलेला नाही. शिवाय तो मित्र आहे. तुम्ही "चल, होईल" म्हणालात की तो "नको" म्हणणार नाही. पैसे घेतलेला परका माणूस म्हणतो. मला विचाराल तर त्या "नको"साठीच पैसे द्यायचे असतात.

त्याचा खरा उपयोग घरी आहे, निघण्याआधीच्या महिन्यात. ट्रॅकवर गाड्या बंद पडतात त्या बहुतेक घरून नेलेल्या कारणांनी. फुगलेला होजपाइप, सैल क्लॅम्प, कूलंटमध्ये राहिलेली हवा, फाटलेलं सीव्ही बूट, बॅटरीची ढिली पट्टी. ट्रॅकसाइडचा माणूस हे निस्तरू शकतो, पण त्यात त्याचा आणि तुमचा वेळ जातो, आणि पैसे तर डोक्याचे मोजलेले असतात. धुळ्यातच गाडी घोडीवर घ्या आणि एकेक नट टॉर्क पान्याने आवळून त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढा, नटावरून थेट खालच्या भागावर. सेशन झाल्यावर रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. वाकून बघायला दहा सेकंद लागतात, आणि हे काम तुमचा लहान भाऊही करू शकतो. चाकांचे नट मात्र पहिल्या सेशननंतर रेघ न बघता पुन्हा आवळायचेच.

स्क्रूटिनीचं सामानही घरीच टेबलावर मांडून बघा. हेल्मेटवरचं मानकाचं स्टिकर, ओव्हरऑलच्या कॉलरमागचं लेबल, मानेचं संरक्षण, आग विझवायचा सिलिंडर, बाहेरून ओढायचा बॅटरी कट-ऑफ, टो हुक. आणि सीट बेल्ट. एफआयए मानकाच्या बेल्टवर शिवलेल्या लेबलवर मुदत छापलेली असते. जुनी रेस कार विकणारा माणूस बेल्ट "एकदम नवे आहेत" म्हणतो, ते दिसायला असतात. लेबल वाचा. मुदत गेली असेल तर पुढचं सगळं थांबतं, मग तुमच्याकडे सपोर्ट असो की नसो.

खान्देशातून जाणाऱ्याची खरी अडचण अंतराची. कोइम्बतूरचा किंवा चेन्नईचा मुलगा विसरलेला पार्ट संध्याकाळी घरून आणतो. आपलं विसरलेलं धुळ्यातच राहतं. एस्टीमचं एक बरं आहे की तिचे पार्ट अजून जुन्या बाजारात मिळतात, पण रविवारी सकाळी दुकान उघडं हवं ना. शनिवारी रात्री लोअर आर्म वाकला तर श्रीपेरुम्बुदूरच्या बाजूला वेल्डिंगवाला किंवा लेथवाला शोधायचा, तोही तमिळमध्ये. त्या पट्ट्यात मोटारींचे कारखाने आहेत, कामाची माणसं कमी नाहीत, पण रात्री नऊला कुणाला फोन करायचा हे त्याच गावातल्याला माहीत असतं. स्थानिक टीमला दिलेल्या पैशात ही ओळखही येते, आणि ती बिलात कुठेच दिसत नाही. कोइम्बतूरला चित्र जरा बरं. ते गावच पंप, इलेक्ट्रिक मोटर आणि फाउंड्रीचं, त्यामुळे मशीनचं काम पटकन होतं. तिथला ट्रॅक, करी मोटर स्पीडवे, हाही छोटा, साधारण २.१ किलोमीटरचा.

अंतरामुळे आणखी एक निर्णय आपोआप पुढे येतो: गाडी राहणार कुठे? दर राउंडनंतर ती धुळ्याला आणायची तर ट्रकचं जाणं-येणं प्रत्येक वेळी. तिकडेच ठेवायची तर भाडं, आणि हात तुमच्या मित्राचे लागणार नाहीत, टीमचे लागतील. पुष्कळ जण ट्रकचे पैसे एका वहीत आणि सपोर्टचे दुसऱ्या वहीत लिहितात. दोन्ही एका पानावर लिहून बघा. गाडी तिकडे ठेवून, माणसं नवजीवन एक्सप्रेसने पाठवली (नंदुरबार, जळगाव, भुसावळ कुठूनही बसता येतं, थेट चेन्नई), तर वाचलेल्या ट्रकच्या भाड्यात सपोर्टचा बराच भाग निघू शकतो. तुमच्या बाबतीत निघतो का, ते ट्रकवाल्याचा भाव आणि टीमचं शेडचं भाडं समोर ठेवल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण गाडी तिकडे ठेवली की मित्राचं शिकणं थांबतं, ही त्याची दुसरी किंमत. पहिल्या वर्षी गाडी घरी यावी असं माझं मत आहे. ट्रकचं भाडं लागलं तरी चालेल. रेस करून आलेली गाडी स्वतःच्या शेडमध्ये उघडली की जे कळतं ते पॅडॉकमध्ये कळत नाही.

पैसे देऊ नयेत अशाही जागा आहेत. सगळ्यांना एकसारख्या गाड्या देणाऱ्या सीरिजमध्ये आयोजकच गाडी सांभाळतो, तिथे वेगळा सपोर्ट लागतच नाही. नुसता सराव करायला ट्रॅक डे घेतला असेल तर मित्र पुरे. उलट तिथे मुद्दाम एकटे जा, कारण घाई नसते आणि तुमची माणसं चुका करून शिकू शकतात. ऑटोक्रॉसलाही, म्हणजे मोकळ्या मैदानातल्या वेळेच्या शर्यतीला, नको. आणि पैसे देऊन तिसऱ्या राउंडची एंट्री फी कर्ज काढून भरावी लागणार असेल तर देऊ नका. चार राउंड ओढाताणीने करण्यापेक्षा दोन नीट करा. घरच्या कापसाचे पैसे यात घालणारा माणूस मी बघितलाय. तो उत्तम चालवायचा आणि एका सीझनमध्ये संपला.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर असं: पहिल्या दोन राउंडना पैसे द्या, पण अख्खं पॅकेज घेऊ नका. टीमकडे तीनच गोष्टी मागा. पॅडॉकमध्ये त्यांच्या तंबूलगत जागा, हत्यारं आणि कॉम्प्रेसर वापरायची मुभा, आणि एका अनुभवी माणसाचा वेळ, जो प्रत्येक सेशननंतर तुमच्याशी दहा मिनिटं बोलेल आणि काय करायचं ते सांगेल. मेकॅनिक तुमचा, डोकं त्यांचं. किंमत बऱ्यापैकी खाली यायला हवी. काही टीम नाही म्हणतील, दुसऱ्याच्या मेकॅनिकची जबाबदारी नको म्हणून. त्यांचंही चुकत नाही, कारण दोन घरची माणसं एका गाडीला हात लावू लागली की "मला वाटलं तू आवळलंस" हे वाक्य येतंच. म्हणून चाकं आणि ब्रेक यांची शेवटची तपासणी कुणी एकानेच करायची, हे नाव घेऊन ठरवा. ते नाव तुमचं नसावं. ग्रिडवर जाताना तुमच्या डोक्यात नट नकोत.

मित्राला घरीच सांगा की तिथे त्या माणसाचं ऐकायचं. पॅडॉकमध्ये पहिल्यांदा सांगितलंत तर रुसेल, आणि रुसलेला मिस्तरी तीन दिवस सांभाळणं ब्रेकपेक्षा अवघड असतं. त्याच्या हातात वही द्या. प्रत्येक सेशनला हवा, टायरच्या आतल्या-मधल्या-बाहेरच्या कडेचं तापमान, पाण्याचं तापमान, तुम्ही काय म्हणालात, त्या माणसाने काय विचारलं आणि काय करायला लावलं, सगळं. त्याने विचारलेले प्रश्न जास्त जपून लिहायला सांगा. तिसऱ्या राउंडला तेच प्रश्न मित्राने तुम्हाला विचारायचेत.

दुसरा राउंड झाल्यावर वही घेऊन बसा आणि एकच गोष्ट शोधा: तो माणूस नसता तर कुठली सेशन बुडाली असती? अशा दोन-तीन जागा सापडल्या तर तिसऱ्या राउंडलाही पैसे द्या. एखादीच सापडली, आणि ती आता तुमचा मित्र ओळखू शकत असेल, तर फक्त जागेचे पैसे भरा. एकही सापडली नाही, तर एकतर तुमची गाडी घरूनच चांगली तयार होऊन आलीय किंवा तो माणूस चार गाड्यांमध्ये वाटला गेला होता. यातलं कुठलं, ते वहीतल्या प्रश्नांच्या संख्येवरून कळेल.

टीमशी बोलताना आगाऊ रक्कम अर्ध्याहून जास्त देऊ नका, बाकी रविवारी संध्याकाळी. बिल घ्या. तुमच्या गाडीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचं नाव विचारा आणि जायच्या आधी त्याच्याशीच फोनवर बोला, मालकाशी बोलून भागणार नाही. त्याला सांगा, "पेडल लांब जातंय." तो पुढे काय विचारतो ते ऐका. काहीच न विचारता "होईल सर, या तुम्ही" म्हणाला, तर दुसरी टीम बघा.

तशी टीम मिळालीच नाही तर आणखी एक वाट आहे. पुणे, कोल्हापूर, नाशिककडून त्याच राउंडला येणारे दोघं-तिघं शोधा आणि मिळून एक अनुभवी माणूस ठरवा. खर्च वाटला जातो, भाषा आपली राहते, आणि स्पेअरही सगळ्यांनी दोन-दोन न नेता वाटून नेता येतात. फक्त तिघांच्या वर जाऊ नका. आणि शक्यतो तिघांचे क्लास वेगवेगळे असू द्या, म्हणजे एकाच वेळी तिन्ही गाड्या पिटमध्ये येणार नाहीत.